मुलांची पहिली रायफल: हरणाच्या शिकारीसाठी बंदूक आणि काडतूस कसं निवडावं

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्या दिवसांत शाळेत, किराणा दुकानात, पेट्रोल पंपावर दुसरा विषय नसतो. इथे वाढणारं आपलं मूल मग एक दिवस घरी येऊन विचारतं, "आई, मी पण जाऊ?" आमच्याकडे लेकीने हे अकराव्या वर्षी विचारलं. मी गोंदियाची. हरीण म्हणजे माझ्यासाठी नवेगावबांधच्या जंगलात श्वास रोखून पाहायचं चितळ. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि ती तशीच राहावी असं मला आजही मनापासून वाटतं. इथल्या व्हाइटटेल हरणाची गोष्ट वेगळी आहे. त्यांची संख्या भरपूर आहे, कुठे किती मारायची ते राज्याचं खातं दरवर्षी ठरवतं, आणि मांस घरोघरी वर्षभर खाल्लं जातं. हे समजून घ्यायला मला वर्ष लागलं. त्यानंतर रायफल निवडताना आम्ही जी चूक केली, ती तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्या शेजाऱ्यांनी प्रेमाने त्यांची .३०-०६ रायफल (हे नाव तिच्या काडतुसाचं, आणि ते काडतूस मोठ्या माणसांच्या ताकदीचं) सरावासाठी दिली. ते सत्तरीचे, आयुष्यभर त्याच बंदुकीने शिकार केलेले. लेकीने पहिली गोळी झाडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "लागलं नाही," म्हणाली. मुलं तसंच म्हणतात, कारण त्यांना पुढच्या वेळी बोलावलं जायला हवं असतं. दुसरी, तिसरी झाडली, खांद्यावर निळा डाग उमटला. पुढच्या शनिवारी रेंजवरच्या (नेमबाजीच्या मैदानावरच्या) एका अनुभवी बाईंनी तिला न दाखवता रायफलीत नकली काडतूस भरून दिलं. लेकीने चाप ओढला, नुसता खट्ट आवाज झाला, आणि नळीचं तोंड सरळ वीतभर खाली गेलं. डोळे गच्च मिटलेले. गोळी सुटताना बंदूक खांद्याला जो धक्का देते तो आलाच नव्हता, तरी तिचं अंग त्याच्यासाठी आधीच आकसलं होतं.

या एका सवयीमुळे नवशिक्यांचे नेम सर्वात जास्त चुकतात. कागदावर नेम चुकला तर भोक इकडचं तिकडे होतं. हरणावर चुकला तर पाय मोडलेलं किंवा पोट फुटलेलं जनावर झाडीत जाऊन तासन् तास तडफडतं. म्हणून मुलासाठी रायफल निवडताना आधी त्याच्या अंगाचं माप पाहायचं, मग धक्का, आणि ताकद त्यानंतर.

कागदपत्रं आधी

दुकानात जाण्याआधी स्वतःचा व्हिसा बघा. एच-१बी, एल-१, एफ-१ यांसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्यातून सूट मिळते. ग्रीन कार्डधारकांना ही विशिष्ट मनाई लागू नाही. रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही 'बाळगणं' ठरू शकतं, म्हणून व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारा. मित्राच्या किंवा दुकानदाराच्या शब्दावर इथे विसंबू नका. मूल इथे जन्मलेलं, म्हणजे नागरिक, आणि आईवडील व्हिसावर, अशी घरं आपल्यात कितीतरी आहेत. बंदूक घरात कोणाच्या ताब्यात राहणार, हा प्रश्न तिथे खरोखर येतो.

परवानाधारक दुकानदार १८ वर्षांखालील कोणालाही रायफल किंवा तिची काडतुसं विकू शकत नाही. पालकाने स्वतःच्या पैशाने घेऊन मुलाला भेट देणं चालतं. दुसऱ्या कोणाच्या पैशाने, त्याच्यासाठी, आपल्या नावावर घेणं हा मात्र गुन्हा आहे.

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र लागतं. मार्गदर्शकासोबत शिकार करण्याची सोय आहे, तिला किमान वय नाही, पण मार्गदर्शक मुलाच्या हाताच्या अंतरावर असलाच पाहिजे. बारा वर्षांखालच्या मुलाला याच सोयीतून जाता येतं. माझा आग्रह असा की सोय असली तरी अभ्यासक्रम दोघांनी मिळून करावा. मी लेकीच्या शेजारच्या बाकावर बसून केला. बंदूक कुंपणापलीकडे कशी द्यायची, मचाणावर दोरीने रिकामी कशी ओढून घ्यायची, हे मला चाळिशीत पहिल्यांदा कळलं.

कोणती रायफल चालेल हेही राज्यागणिक बदलतं. ओहायोत आणि मिशिगनच्या दक्षिण भागात हरणासाठी रायफलीत फक्त सरळ पुंगळीची काडतुसं चालतात, म्हणजे ज्यांची धातूची नळी तोंडाशी आवळलेली नसते अशी, आणि त्यांच्या मापावरही बंधनं आहेत. खाली मी जी काडतुसं सांगणार आहे त्यांतली बहुतेक तिथे बाद होतात. तिथल्या मुलांसाठी २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजंड हा चांगला मार्ग आहे. त्याचा धक्का सौम्य आहे, आणि दीडशे यार्डांपर्यंत ते पुरेसं आहे. आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका छापून घ्या आणि फ्रिजवर लावा.

माप घ्या, जाड कोट घालून

चापापासून दस्त्याच्या (खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या) मागच्या टोकापर्यंतचं अंतर हे रायफलीचं सर्वात महत्त्वाचं माप. मोठ्यांच्या रायफलीत ते साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. दहा ते तेरा वर्षांच्या बहुतेक मुलांना बारा ते साडेबारा इंच लागतं. घरी तपासायची सोपी पद्धत अशी. बंदूक रिकामी आहे हे दोघांनी डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. मग मुलाने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या बाजूला टेकवायचं, आणि तर्जनीचं पहिलं पेर चापापर्यंत आरामात पोचतंय का बघायचं. ताणावं लागत असेल तर दस्ता लांब आहे.

हे माप बहुतेक जण उन्हाळ्यात टी-शर्टवर घेतात. शिकार नोव्हेंबरात असते. आत थर्मल, वर स्वेटर, त्यावर फुगीर कोट आणि नारिंगी जाकीट. एवढ्या कपड्यांनी जवळजवळ एक इंच खाल्ला जातो. जुलैत मापात बसलेली रायफल हंगामात खांद्याखाली अडकते, मूल ती घाईत दंडावर टेकवतं आणि धक्का नको तिथे बसतो. म्हणून दुकानात जाताना कोट पिशवीत घेऊन जा आणि तिथे घालायला लावा. लोक बघतात, बघू द्या.

डोळाही तपासा. दोन्ही तळहातांनी समोर लहान त्रिकोण करून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला लावा. ज्या डोळ्याला घड्याळ त्रिकोणातच दिसत राहतं तो जोरकस डोळा. उजव्या हाताच्या काही मुलांचा डावा डोळा जोरकस असतो. अशा मुलाला सुरुवातीपासून डाव्या खांद्यावरून शिकवणं सोपं जातं, आणि मग डावखुरी रायफलच घ्यावी.

वजनाच्या बाबतीत दोन्हीकडून ओढ असते. हलकी रायफल मूल उचलू शकतं, पण ती जास्त धक्का देते. जड रायफल धक्का पिते, पण मूल तिच्याने थकतं. दुर्बिणीशिवाय सहा ते सात पौंड, म्हणजे पावणेतीन ते सव्वातीन किलो, हा मध्य मला बरा वाटतो. रूगर अमेरिकनचं कॉम्पॅक्ट रूप साडेबारा इंची दस्त्याचं आहे. मॉसबर्ग पेट्रियटच्या मुलांच्या रूपात दस्त्याला जोड-तुकडे येतात, त्यामुळे तो बारा ते तेरा इंच असा वाढवता येतो. मुलं एका वर्षात दोन इंच उंच होतात, तेव्हा जोड-तुकड्यांची सोय असलेली रायफल घेतली की पैसे वाचतात.

कुठलं काडतूस

काडतुसांच्या नावांचं जंगल बघून घाबरू नका. नवशिक्या मुलासाठी खरं तर तीन-चारच नावं लक्षात ठेवायची आहेत.

माझी पहिली पसंती .२४३ विंचेस्टर. १९५५ मध्ये आलेलं, .३०८ या जास्त ताकदीच्या काडतुसाच्या पुंगळीची मान आवळून बनवलेलं. त्यातून ऐंशी ते शंभर ग्रेनची गोळी जाते. ग्रेन हे वजनाचं जुनं माप आहे. एका पौंडात सात हजार ग्रेन, म्हणजे शंभर ग्रेनची गोळी साधारण साडेसहा ग्रॅमची. सात पौंडांच्या रायफलीत .२४३ चा धक्का सुमारे नऊ-दहा फूट-पौंड असतो. तशाच रायफलीत .३०-०६ चा वीसच्या आसपास जातो, म्हणजे दुप्पट. माझ्या लेकीच्या खांद्यावरचा निळा डाग हा त्या फरकाचा होता.

दुसरं ७एमएम-०८ रेमिंग्टन. गोळी १२० ते १४० ग्रेनची, धक्का .२४३ पेक्षा थोडा जास्त, पण मूल मोठं झाल्यावरही ही रायफल बदलावी लागत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या, अंगाने भरलेल्या मुलाला मी सरळ हीच देईन. तिसरं २००७ मध्ये आलेलं ६.५ क्रीडमूर. धक्का जवळपास ७एमएम-०८ एवढाच, आणि काडतुसं जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळतात. घरात जुनी .३०-३० लिव्हर रायफल (चापाजवळची कडी खाली-वर करून काडतूस भरायची) असेल तर तीही शंभर यार्डांत उत्तम काम करते. फक्त तिचा घोडा थंडीने बधिरलेल्या अंगठ्याने हळूच खाली आणावा लागतो, आणि तो निसटला तर गोळी सुटू शकते. लहान हातांसाठी म्हणूनच मला बोल्टची (हाताने मागे-पुढे ओढायच्या दांड्याची) रायफल बरी वाटते. बोल्ट मागे ओढलेला आहे की नाही हे चार पावलांवरूनही दिसतं.

.२२३ बद्दल लोक हमखास विचारतात, कारण तिला धक्का जवळजवळ नसतो. विस्कॉन्सिनमध्ये ती हरणाला चालते. पण गोळी लहान, त्यामुळे नेम दोन-तीन इंच सरकला तर सावरून घेणारी जागाच उरत नाही, आणि पहिल्या हंगामात नेम सरकतोच. मी ती देणार नाही. .२२ रिमफायर तर हरणासाठी कायद्यानेही चालत नाही. ती सरावाची बंदूक आहे. दुसऱ्या टोकाला .३०० विंचेस्टर मॅग्नमसारखी काडतुसं. 'एकदाच घ्या, मोठी घ्या' असा सल्ला कोणी दिला तर आभार मानून पुढे जा.

घरात .३०८ किंवा .३०-०६ आहेच आणि नवी घेणं परवडत नाही, अशी स्थिती असेल तर कमी धक्क्याची काडतुसं मिळतात. हॉर्नाडीची कस्टम लाइट ही त्यातली एक. जाड रबरी पॅड आणि दस्ता कापून छोटा करून घेतला की त्याच रायफलीवर मूल शिकू शकतं.

गोळी

एकाच .२४३ च्या खोक्यांतही गोळ्या वेगवेगळ्या असतात. पूर्ण तांब्याचं कवच असलेली टोकदार गोळी, जी रेंजवर स्वस्तात मिळते, ती हरणासाठी वापरायची नाही. ती न फुलता आरपार जाते आणि जनावर जखमी होऊन पळतं. पंचावन्न-साठ ग्रेनच्या हलक्या गोळ्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठी असतात. त्या वरच्यावर फुटतात. हरणासाठी आत शिरून मग फुलणारी, एकसंध राहणारी गोळी हवी. शंभर ग्रेनची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाची), नॉसलर कंपनीची पार्टिशन, किंवा संपूर्ण तांब्याची बार्न्सची ऐंशी ग्रेनची.

मी तांब्याचीच घेते, कारण शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून लांबवर मांसात पसरतात. २००८ मध्ये मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याने मेंढ्यांच्या शवांवर गोळ्या झाडून एक्स-रे काढले, तेव्हा हे कण डोळ्यांना दिसतील तिथून बरेच दूर सापडले. मुलांच्या रक्तात शिसं किती असलं तर सुरक्षित, अशी कुठलीही पातळी अमेरिकेचं आरोग्य खातं मानत नाही. आमच्या घरी हरणाच्या मटणाचा खिमा होतो, रस्सा होतो, आणि तो वाढायचा मुलांच्याच ताटात. तांब्याची खोकी महाग पडतात, हे खरं. पण अख्ख्या हंगामात हरणावर झाडल्या जातात त्या एक-दोनच गोळ्या.

काडतूस विकत घेताना नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. मुलालाच वाचायला लावा, दरवेळी. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या रायफलीत बसू शकतं, आणि चाप ओढला तर रायफल हातात फुटते. म्हणून रेंजवर एका वेळी एकाच मापाची काडतुसं टेबलावर ठेवायची.

आणि एकाच प्रकारची तीन-चार खोकी एकदम घ्या. एका गोळीवर नेम बसवून दुसरीने शिकारीला गेलात तर शंभर यार्डांवर गोळी काही इंच दुसरीकडे लागू शकते.

दुर्बीण आणि नेम बसवणं

तीन ते नऊ पटींची साधी दुर्बीण पुरते. शिकारीत ती तीनवर ठेवायची, कारण नऊवर ठेवली तर मुलाला झाडीत हरीण सापडतच नाही. डोळा आणि काच यांत किमान साडेतीन इंच अंतर राहील अशी दुर्बीण घ्या आणि ती मुलाच्या मानेच्या ठेवणीप्रमाणे पुढे-मागे सरकवून बसवून घ्या. मुलं डोकं पुढे घालतात. अंतर कमी पडलं की धक्क्याने दुर्बिणीची कड भुवईवर आदळते आणि चंद्रकोरीसारखी खोक पडते. लेकीच्या वर्गातल्या एका मुलाला तशी दिसली, तेव्हापासून मी टेपने मोजते.

नेम बसवताना आधी पंचवीस यार्डांवर तीन गोळ्या. त्या कागदाच्या मधोमध आल्या की शंभरवर जा. .२४३ ची गोळी शंभर यार्डांवर दीड इंच वर लागेल असं ठेवलं की मधली सगळी अंतरं सांभाळली जातात. दुर्बिणीची एक टिकटिक शंभर यार्डांवर बहुधा पाव इंच सरकवते. ही कामं मोठ्यांनी वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून करावीत. मुलाची सगळी उमेद यात खर्च करू नका.

कानांना दुहेरी बंदोबस्त हवा, आत फोमचे बोळे आणि वर कानटोप. रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि १४० च्या वरचा एकच स्फोट कानाला कायमची इजा करू शकतो. आखूड नळी आणि तोंडाला लावलेला मझल ब्रेक हे आवाज आणखी वाढवतात. धक्का कमी करतो म्हणून ब्रेक लावून देतात. मुलाच्या रायफलीला मी तो लावणार नाही. धक्क्याइतकाच धसका आवाजाचाही असतो.

सराव

उन्हाळाभर .२२ रिमफायरने खेळू द्या. स्वस्त, शांत, बिनधक्क्याची. दोन-तीनशे गोळ्या तिच्यातून गेल्या की चाप हळू दाबणं, श्वास सोडून थांबणं, हे आपोआप अंगात येतं. मोठ्या रायफलीच्या एका दिवशी दहाच गोळ्या, आणि त्यात न सांगता मिसळलेलं एखादं नकली काडतूस. नळी स्थिर राहिली तर शाबासकी द्या. खाली गेली तर पुन्हा .२२ वर या, रागावू नका.

मग परीक्षा. हरणाच्या छातीतला हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण आठ इंचांचा असतो. त्या आकाराची कागदी थाळी लावा. टेबल काढून टाका. मूल शिकारीत बसेल तसं बसवा, कोट घालून, शूटिंग स्टिकवर (टेकू देणाऱ्या काठीवर) रायफल टेकवून. पाचपैकी पाच गोळ्या थाळीत पडतात ते अंतर म्हणजे त्या मुलाची हद्द. लेकीचं पहिल्या वर्षी सत्तर यार्ड भरलं. आम्ही झाडाला नारिंगी फीत बांधली आणि तिच्यापलीकडचं हरीण कितीही देखणं असलं तरी सोडायचं असं ठरवलं. दोन सोडलीही.

हद्दीच्या आत असलं तरी हरीण आडवं उभं असेल किंवा तोंड थोडं पलीकडे वळवून असेल तरच चाप. पुढच्या पायाच्या मागे, अंगाच्या खालच्या एक-तृतीयांश भागात. समोरून, मागून, पळताना, डोक्यावर, मानेवर नाही. आणि हरणामागे काय आहे ते दिसत नसेल तर अजिबात नाही. गोळी झाडली की लगेच बोल्ट ओढून पुन्हा तयार राहायचं, जनावर गेलं ती दिशा लक्षात ठेवायची आणि अर्धा तास जागेवरून उठायचं नाही.

घरी रायफल कुलूपबंद पेटीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात, किल्ल्या मोठ्यांकडे. बंदूक मुलाच्या नावाने भेट दिली असली तरी हेच. गाडीत ती कायम रिकामी आणि पिशवीत. भारतात येताना सामानात एखादं चुकलेलं काडतूस राहिलं तर विमानतळावर शस्त्र कायद्याखाली पकडतात, म्हणून शिकारीची बॅग प्रवासाला वापरूच नका. आमच्याकडे ती गॅरेजमध्येच असते.

दरवर्षी ऑगस्टमध्ये पुन्हा कोट काढा, कोपर वाकवायला लावा आणि माप घ्या. यंदा लेकीच्या दस्त्यात अर्ध्या इंचाचा तुकडा घालावा लागला, त्यामुळे दुर्बीण पुन्हा सरकवली, त्यामुळे नेमही पुन्हा बसवला. थाळी आता नव्वद यार्डांवर लावतो.